आंरी लांग्ल्वा : जतन आणि प्रदर्शन यांमधील एक आयुष्य

कोणत्याही कलेचा इतिहास हा प्रत्यक्षात तिच्या उपलब्ध कृतींचाच इतिहास असतो. जे हस्तलिखित वाळवीने खाल्ले, जी पोथी नदीत सोडली गेली, तिचा विचार वाङ्मयेतिहासकार करू शकत नाही. फार तर तिच्या अभावाची नोंद तो करू शकतो. मराठीच्या अभ्यासकांना ही जाणीव इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३-१९२६) यांच्या कार्यामुळे फार पूर्वीच झालेली आहे. गावोगाव हिंडून दप्तरे गोळा करणाऱ्या आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडांनी सिद्ध करणाऱ्या राजवाड्यांनी साधनांचा संग्रह ही ज्ञानव्यवहाराची पहिली अट आहे, हे आपल्या आयुष्याने दाखवून दिले. चित्रपटकलेच्या क्षेत्रात ज्यांच्याकडे याच दृष्टीने पाहावे लागेल, अशा व्यक्तींमध्ये पॅरिसच्या 'सिनेमातेक फ्रांसेज' या संस्थेचे एक संस्थापक आंरी लांग्ल्वा (१९१४-१९७७) यांचे स्थान अग्रभागी आहे.

मात्र या दोहोंमध्ये एक मूलभूत भेद आहे आणि प्रस्तुत लेखाचे प्रयोजन त्या भेदातच आहे. हस्तलिखित एकदा छापले की संहिता सुरक्षित होते. चित्रपटाचे तसे नाही. चित्रपट पडद्यावर दाखविला जातो तेव्हाच तो चित्रपट म्हणून अस्तित्वात येतो. पण प्रक्षेपकातून फिरताना प्रत्येक खेळागणिक त्याची प्रत झिजते. म्हणजे ज्या क्रियेने कृती जिवंत होते त्याच क्रियेने तिचा क्षयही होतो. लांग्ल्वा यांचे सारे आयुष्य या पेचात गेले. त्यांनी त्याचे जे उत्तर दिले त्यातून एका महानगराची अभिरुची घडली, चित्रपटसृष्टीतील एक पिढी उभी राहिली आणि काही चित्रपट कायमचे नष्टही झाले. त्यांच्या चरित्राचा विचार या तिन्ही बाजूंनी करणे आवश्यक आहे.

१. जडणघडण

लांग्ल्वा यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१४ रोजी तेव्हाच्या ऑटोमन साम्राज्यातील स्मर्ना येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर शहरात झाला. वडील फ्रेंच होते, तर आईच्या घराण्यात इटालियन आणि अमेरिकन धागे होते. व्यापारामुळे अनेक भाषा आणि अनेक धर्मांची माणसे एकत्र नांदणाऱ्या या बंदरात त्यांचे बालपण गेले. सप्टेंबर १९२२ मध्ये युद्धाच्या अखेरीस स्मर्ना शहर आगीत भस्मसात झाले आणि लांग्ल्वा कुटुंब पॅरिसला आले. आठव्या वर्षापूर्वीच एक संपूर्ण जग डोळ्यांदेखत नाहीसे होताना पाहिलेल्या मुलाने पुढे आयुष्यभर नाहीशा होणाऱ्या वस्तू गोळा कराव्यात, यात त्यांच्या चरित्रकारांना अर्थपूर्ण संगती दिसली आहे. ही संगती सिद्ध करता येण्यासारखी नाही. परंतु तिच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही.

शालेय शिक्षणात त्यांना गती नव्हती. फ्रेंच निबंधाच्या परीक्षेत मोलिएरच्या तुलनेत चॅप्लिनला वरचढ ठरविल्यामुळे ते अनुत्तीर्ण झाले, अशी आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातून एक गोष्ट सूचित होते. ज्या काळात चित्रपट हे करमणुकीचे बाजारी साधन मानले जाई त्या काळात हा तरुण त्याची गणना अभिजात नाट्यवाङ्मयाच्या बरोबरीने करू लागला होता. १९३४ च्या सुमारास एका छापखान्यात काम करीत असताना त्यांची जॉर्ज फ्रांजू या समवयस्क चित्रपटप्रेमीशी गाठ पडली आणि त्यांच्या कार्याला दिशा मिळाली.

२. बोलपटाचे आगमन आणि मूकपटाचा मृत्यू

लांग्ल्वा आणि फ्रांजू यांनी जे केले त्याचे महत्त्व कळण्यासाठी तत्कालीन परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. १९२७ नंतर काही वर्षांतच बोलपट सर्वत्र रूढ झाला आणि मूकपटांचे व्यापारी मूल्य शून्यावर आले. निर्मात्यांच्या दृष्टीने जुनी रिळे म्हणजे गोदामातील अडगळ होती. फिल्मवरील लेपातून चांदी काढून घेता येई आणि उरलेल्या सेल्युलॉइडचा अन्य वस्तूंसाठी उपयोग होई. त्यामुळे रिळे किलोच्या भावाने विकली जात. शिवाय त्या काळची नायट्रेट फिल्म अतिशय ज्वालाग्राही असल्याने ती बाळगणे कोणालाच नको होते. चित्रपटातील अद्भुतरसाचे प्रवर्तक जॉर्ज मेलिएस यांनी १९२३ मध्ये वैफल्याच्या भरात आपल्या मूळ प्रती स्वतःच जाळल्या होत्या आणि पुढे पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावर खेळण्यांचे दुकान चालवून ते निर्वाह करीत होते.

या पार्श्वभूमीवर १९३५ मध्ये लांग्ल्वा आणि फ्रांजू यांनी 'सेर्क्ल द्यु सिनेमा', म्हणजे चित्रपट-मंडळ, स्थापन केले. केवळ मूकपट दाखवायचे आणि खेळानंतर चर्चा ठेवायची नाही, असे त्याचे स्वरूप होते. तत्कालीन चित्रपट-मंडळांत चर्चेला मोठे स्थान होते. लांग्ल्वांना मात्र पडदा आणि प्रेक्षक यांच्यामध्ये तिसरे कोणी नको होते. मंडळाचा आरंभीचा कार्यक्रम एका सूत्राभोवती गुंफलेला होता. भयानक आणि अद्भुत यांचे दर्शन घडविणारे 'डॉ. कालिगारी'सारखे चित्रपट त्यात एकत्र दाखविले गेले. एका रात्रीचे चित्रपट एका कल्पनेने बांधण्याची जी पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली, तिचा लांग्ल्वा यांच्यापुरता आरंभ येथे दिसतो.

चित्रपट दाखवायचे तर ते मिळवायला हवेत आणि मिळालेले टिकवायला हवेत. या व्यावहारिक गरजेतून ९ सप्टेंबर १९३६ रोजी सिनेमातेक फ्रांसेज ही संस्था जन्माला आली. चित्रपटव्यवसायातील एका नियतकालिकाचे संचालक पॉल-ऑग्युस्त आर्ले यांनी तिला द्रव्यसाहाय्य केले, तर इतिहासकार जाँ मित्री हेही आरंभापासून तिच्याशी संबद्ध होते. संग्रहातील आरंभीच्या रिळांना लांग्ल्वा यांच्या घरातील न्हाणीघराच्या टबात जागा मिळाली होती, असे सांगतात. पुढे मेलिएस उत्तरायुष्यात ज्या ओर्ली येथील वृद्धाश्रमात राहत होते त्याच्या परिसरात रिळे ठेवण्याची सोय झाली. १९३८ मध्ये पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क आणि बर्लिन येथील चार संस्थांनी मिळून चित्रपट-संग्रहालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. त्यातही लांग्ल्वा यांचा पुढाकार होता. येथे एक गोष्ट सहज आठवते. सिनेमातेकच्या स्थापनेच्याच वर्षी, १९३६ मध्ये, पुण्यात प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' पूर्ण झाला. निर्मितीच्या दृष्टीने मराठी चित्रपट तेव्हा प्रगल्भ होता. जतनाचा विचार मात्र आपल्याकडे यायला आणखी पाव शतकाहून अधिक काळ लागला.

३. युद्धकाळ

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये आल्या. जर्मन सत्तेला अनेक चित्रपट नको होते आणि फिल्मचे रसायन मात्र हवे होते. या काळात लांग्ल्वा यांनी निरनिराळ्या ठिकाणी रिळे दडवून ठेवली. महासंघाच्या व्यवहारामुळे पूर्वपरिचित असलेले बर्लिन संग्रहालयाचे फ्रांक हेन्झेल जर्मन अधिकारी म्हणून पॅरिसमध्ये होते, त्यांचेही काही प्रमाणात साहाय्य झाले. शत्रुपक्षाच्या अधिकाऱ्याच्या आडोशाने संग्रह वाचविणे ही नैतिकदृष्ट्या सोपी गोष्ट नव्हती. युद्धोत्तर काळात त्यावर कुजबुज होणे स्वाभाविक होते. परंतु लांग्ल्वा यांची निष्ठा प्रथम रिळांशी होती, हे येथेही दिसून येते.

या कार्यात दोन स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. लोटे आयस्नर या बर्लिनच्या ज्यू समीक्षिका १९३३ मध्ये जर्मनीतून परागंदा झाल्या होत्या. छावणीतील बंदिवासातून सुटून त्या खोट्या नावाने दक्षिण फ्रान्समध्ये राहिल्या आणि फिजाकजवळच्या एका जुन्या गढीत दडविलेली सिनेमातेकची रिळे त्यांनी थंडीवाऱ्यात तपासून नोंदविली. युद्धानंतर तीन दशके त्या संस्थेच्या मुख्य अभिरक्षक होत्या. दुसऱ्या मेरी मेरसन. नेपथ्यकार लाझार मेरसन यांच्या त्या विधवा आणि लांग्ल्वा यांच्या आयुष्यभराच्या सहचारिणी. संस्थेचा इतिहास लांग्ल्वा या एकाच नावाभोवती फिरविण्याचा प्रघात आहे. तो या दोघींवर अन्याय करणारा आहे.

४. निवड हीच समीक्षा

ऑक्टोबर १९४८ मध्ये आव्हेन्यू द मेसीन येथे सिनेमातेकचे संग्रहालय आणि साठेक आसनांचे चिमुकले प्रेक्षागृह सुरू झाले. १९५५ मध्ये ते रू द्युल्म येथील मोठ्या सभागृहात गेले आणि १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या पाठिंब्याने पाले द शायो या भव्य वास्तूत दुसरे सभागृह मिळाले. लांग्ल्वा यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी काळ तो हाच.

त्यांच्या कार्यक्रमरचनेचे विश्लेषण वाङ्मयाच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. एका संध्याकाळी बहुधा तीन खेळ असत. एखाद्या विस्मृत मूकपटानंतर हॉलिवुडचा एखादा साधा गुन्हेपट, त्यानंतर जपानी किंवा सोव्हिएत चित्रपट असा क्रम लागे. देश, काळ, प्रकार आणि प्रतिष्ठा यांच्या भिंती त्यात मोडलेल्या असत. परदेशी चित्रपटांना पुष्कळदा उपशीर्षके नसत आणि मूकपट कोणत्याही संगीतसाथीविना, संपूर्ण शांततेत दाखविले जात. भाषा न कळणारा प्रेक्षक आपोआप चौकटीची रचना, प्रकाश, हालचाल आणि दृश्यांचा जोड यांकडे पाहू लागे. गैरसोयीतूनच का होईना, रूपाकडे पाहण्याची दृष्टी तयार झाली.

शेजारी ठेवणे हीच लांग्ल्वा यांची टीकापद्धती होती. त्यांनी सलग असा ग्रंथ लिहिला नाही; त्यांचे लेख १९८६ मध्ये, त्यांच्या पश्चात, संकलित झाले. त्या संकलनाच्या शीर्षकात सिनेमाचे वय तीनशे वर्षे धरलेले आहे, कारण मायादीपाच्या खेळांपासून ते ही परंपरा मोजत. परंतु त्यांचे खरे लेखन म्हणजे त्यांची कार्यक्रमपत्रके होत. संपादक एखाद्या काव्यसंग्रहात दोन कविता शेजारी छापतो आणि एका शब्दाचेही भाष्य न करता त्यांच्यातील नाते उघड करतो, तसाच हा प्रकार होता. लुई फय्याद यांचे मालिकापट रद्दी समजले जात होते. ते सलग दाखविले गेल्यावर त्यांचे काव्य जाणवले. विस्मृतीत गेलेल्या अभिनेत्री लुईझ ब्रुक्स यांना १९५८ मध्ये पॅरिसला बोलावून त्यांच्या चित्रपटांचा गौरव करण्यात आला आणि १९६२ मध्ये बस्टर कीटन यांचाही असाच सन्मान झाला. प्रस्थापित मूल्यक्रमाची पुनर्मांडणी ही जर समीक्षेची खूण असेल, तर लांग्ल्वा हे विसाव्या शतकातील एक महत्त्वाचे समीक्षक ठरतात.

या सभागृहांत पहिल्या रांगांमध्ये रोज येऊन बसणाऱ्या तरुणांत फ्रांस्वा त्रुफो, जाँ-ल्युक गोदार, जाक रिवेत, एरिक रोमेर आणि क्लोद शाब्रोल हे होते. प्रथम समीक्षक म्हणून आणि नंतर दिग्दर्शक म्हणून त्यांनी जी नवी लाट आणली तिचे शिक्षण कोणत्याही विद्यापीठात झाले नव्हते. चित्रपटाचा इतिहास समोर ठेवून, त्याचे संदर्भ मनात बाळगून चित्रपट काढणारी ही बहुधा पहिलीच पिढी होय. पूर्वसूरींचे काव्य मुखोद्गत असलेल्या पंडित कवीशी तिचे साम्य आहे. फरक इतकाच की, या पिढीला आपली परंपरा रोजच्या तिकिटाने विकत घ्यावी लागली.

५. दोन भूमिकांचा संघर्ष

लांग्ल्वा यांच्या विरुद्ध भूमिका लंडनच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे अभिरक्षक अर्नेस्ट लिंडग्रेन यांची होती. एखाद्या चित्रपटाची एकच प्रत उपलब्ध असेल तर तिची नक्कल निघेपर्यंत ती प्रक्षेपकावर चढवायची नाही, हा त्यांचा दंडक होता. आपला काळ हा भावी पिढ्यांचा विश्वस्त आहे, ही त्यामागील धारणा. लांग्ल्वा यांना ही धारणा कंजुषाच्या तिजोरीसारखी वाटे. न पाहिलेला चित्रपट त्यांच्या मते मृतच होता आणि डब्यांनाही फिरती हवा लागते, असा त्यांचा विश्वास होता.

इतिहासाने या वादात कोणा एकाला पूर्ण कौल दिलेला नाही. निवडक आणि उत्तम तेच सांभाळावे, या मताला लांग्ल्वा यांचा विरोध होता. आजची अभिरुची उद्याचा निवाडा करण्यास असमर्थ आहे, म्हणून मिळेल ते सारे सांभाळावे, ही त्यांची भूमिका नंतरच्या संशोधनाने यथार्थ ठरविली. परंतु सारे सांभाळण्यासाठी लागणारी सूची, तापमाननियंत्रण आणि हिशेब यांबाबत ते अक्षम्य म्हणावे इतके बेफिकीर होते. काय कोठे आहे हे त्यांना तोंडपाठ असे. कागदावर मात्र ते नसे. १० जुलै १९५९ रोजी रू द कुर्सेल येथे ठेवलेल्या नायट्रेट रिळांना आग लागली आणि अमूल्य साठा जळाला. एरिक फॉन स्ट्रोहाइम यांच्या 'द हनीमून' या चित्रपटाची शेवटची ज्ञात प्रत सिनेमातेककडे असतानाच नष्ट झाली. त्याच सुमारास महासंघाशीही त्यांचे बिनसले आणि आपण ज्याच्या स्थापनेत भाग घेतला त्या संघटनेतून ते बाहेर पडले.

६. फेब्रुवारी १९६८

सिनेमातेक ही खासगी संस्था असली तरी ती सरकारी अनुदानावर अधिकाधिक अवलंबून होत गेली होती. पैसा देणाऱ्या शासनाने हिशेब आणि याद्या मागणे गैर नव्हते. परंतु शासनाने त्यासाठी जो मार्ग पत्करला तो आत्मघातकी ठरला. ९ फेब्रुवारी १९६८ रोजी संचालक मंडळाने लांग्ल्वा यांना पदावरून दूर करून त्यांच्या जागी पिएर बार्बें यांची नेमणूक केली. ज्या मालरो यांनी शायोचे सभागृह मिळवून दिले होते त्यांच्याच मंत्रालयाचा हा निर्णय होता.

त्याची प्रतिक्रिया अनपेक्षित होती. चॅप्लिन, रोसेलिनी, फ्रिट्झ लांग, ऑर्सन वेल्स यांच्यासह जगभरच्या दिग्दर्शकांनी विरोध नोंदविला. लांग्ल्वा नसतील तर आपले चित्रपट सिनेमातेकमध्ये दाखवू नयेत, असे अनेकांनी कळविले. १४ फेब्रुवारीला शायोसमोर मोठा मोर्चा निघाला. पोलिसांच्या लाठ्या चालल्या आणि त्यात त्रुफो व गोदार यांनाही मार बसला. जाँ रेन्वार यांच्या सन्माननीय अध्यक्षतेखाली बचाव समिती स्थापन झाली. अखेर २२ एप्रिल रोजी लांग्ल्वा यांची पुन्हा स्थापना झाली. मे १९६८ च्या विद्यार्थी-आंदोलनाची ही नांदी होती, असे मत अनेक इतिहासकारांनी मांडले आहे. त्याच वर्षीचा त्रुफो यांचा 'बेझे व्होले' हा चित्रपट लांग्ल्वा यांना अर्पण केलेला असून सिनेमातेकच्या बंद दाराच्या दृश्याने त्याचा आरंभ होतो.

चित्रपट पाहण्याच्या हक्कासाठी लोक रस्त्यावर उतरले, ही घटना साधी नव्हे. परंतु या विजयाची किंमतही मोजावी लागली. शासनाने संस्थेतून अंग काढून घेतले, अनुदान आटले, आणि १९६९ मध्ये ब्वा दार्सी येथे जतनाचे स्वतंत्र सरकारी केंद्र उभे राहिले. जतन एकीकडे आणि प्रदर्शन दुसरीकडे, अशी जी विभागणी लांग्ल्वा यांना अमान्य होती तीच त्यांच्या विजयातून साकार झाली.

७. अखेरची वर्षे

यानंतर अर्थार्जनासाठी त्यांनी माँट्रियल येथे चित्रपटावर व्याख्याने दिली. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात त्यांनी पस्तीस संध्याकाळींत सत्तर चित्रपट दाखवून सिनेमाच्या इतिहासाचा आपला पाठ सादर केला. जून १९७२ मध्ये शायो येथे त्यांनी रचलेले चित्रपट-संग्रहालय उघडले. तेथेही वस्तूंची मांडणी कालक्रमाच्या शिस्तीपेक्षा अंतःसंबंधांच्या तर्काने केलेली होती. १९७४ मध्ये त्यांना सन्माननीय ऑस्कर देण्यात आले. मात्र आर्थिक ओढगस्त अखेरपर्यंत सुटली नाही. १३ जानेवारी १९७७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. मोंपार्नासच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. शायोचे संग्रहालय १९९७ च्या आगीनंतर बंद झाले आणि २००५ मध्ये सिनेमातेक बेर्सी येथील नव्या वास्तूत गेले.

८. समारोप

लांग्ल्वा यांच्या चरित्राचा मराठी अभ्यासकाशी असलेला संबंध केवळ साम्याचा नाही. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे पी. के. नायर (१९३३-२०१६) यांनी दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले भाग मिळविले आणि पुण्यातील विद्यार्थ्यांना व देशभरच्या फिल्म सोसायट्यांना चित्रपट दाखविले. लांग्ल्वा यांच्याशी त्यांची तुलना अनेकदा होते. परंतु नायर यांच्या नोंदवह्यांची शिस्त पाहता त्यांनी लांग्ल्वा यांचा ध्यास आणि लिंडग्रेन यांची दक्षता या दोहोंचा मेळ घालण्याचा यत्न केला, असे म्हणणे अधिक योग्य होईल. १९६८ मध्येच मुंबईत 'प्रभात चित्र मंडळ' स्थापन झाले, हा काळाचा योगायोगही नोंदविण्याजोगा आहे.

तरीही आपल्या तुटीचे प्रमाण मोठे आहे. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतील फारच थोडे, तेही बहुतेक खंडित, उरले आहेत. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' (१९२५) हा मूकपट आज पाहता येत नाही. कादंबरी-कथेच्या रूपांतराचा मराठीतील एक आरंभबिंदू अशा प्रकारे केवळ वर्णनांतून कळतो आणि त्याच्याविषयीची आपली सर्व विधाने ऐकीव राहतात. चित्रपट आणि साहित्य यांच्या संबंधांवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ही मर्यादा आरंभीच ओळखणे आवश्यक आहे.

जतन आणि प्रदर्शन यांतील विरोध यंत्रयुगातील नव्या साधनांनी सौम्य झाला असला तरी संपलेला नाही. सुरक्षित असलेली पण कोणी न उघडलेली पोथी आणि सर्वांनी हाताळून फाटलेली पोथी, या दोन टोकांमधील वाट प्रत्येक पिढीला नव्याने काढावी लागते. लांग्ल्वा यांनी दुसऱ्या टोकाकडे झुकून चूक केली, असे त्यांच्या हातून गमावलेल्या चित्रपटांकडे पाहता म्हणावे लागते. परंतु त्यांनी जे चित्रपट दाखविले ते दाखविले नसते, तर गमावलेल्यांची हळहळ वाटणारा जाणता समाजच निर्माण झाला नसता. संग्रहाला अर्थ देणारा वाचक वा प्रेक्षक घडविणे हेही संग्राहकाचेच काम आहे. लांग्ल्वा यांनी ते काम पॅरिसच्या एका अंधाऱ्या सभागृहात, रात्रीमागून रात्र, अखंड केले. त्यांच्या कार्याचे मोल करताना जळालेल्या रिळांबरोबर या रात्रीही हिशेबात धरल्या पाहिजेत.